निष्फळ ठरलेला प्रयत्न जातो कोठे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांस एक अत्यंत करुण प्रश्न विचारला आहे. ज्याने श्रद्धेने साधनेस आरंभ केला, परंतु ज्याच्या हाती सिद्धी आली नाही, त्याची गती काय? तो इकडचाही राहिला नाही आणि तिकडेही पोहोचला नाही. मग वाऱ्याने फाटलेला मेघ जसा आकाशातच विरून जातो, तसा तो नाहीसा होतो काय? प्रश्न योगमार्गावरून ढळलेल्या साधकासंबंधीचा आहे हे खरे. तथापि ज्याने जीव ओतून काही आरंभिले आणि ज्याच्या पदरी असिद्धी पडली, अशा प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात हाच प्रश्न निराळ्या शब्दांनी उभा राहतो. गीता अरण्यात सांगितली गेली नाही. ती रणभूमीवर, आणि तीही एका गृहस्थाला सांगितली गेली. म्हणून गृहस्थाच्या घरातील असिद्धीलाही तिच्यात उत्तर आहे.

हा प्रश्न आज ज्या घरांतून वारंवार ऐकू येतो, त्यांपैकी कित्येक घरे चेन्नईच्या मैलापुरात आहेत. श्रीकपालीश्वराचे मंदिर, त्यासमोरील विस्तीर्ण पुष्करिणी आणि भोवतीच्या माड वीथी यांमुळे हे स्थान तीर्थासारखे मानले जाते. विद्या आणि हिशेब या दोन्ही गोष्टी येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. मैलापूर हिंदू परमनंट फंड ही गृहस्थांच्या बचतीची संस्था १८७२ साली निघाली. १८९७ साली स्वामी रामकृष्णानंदांनी मद्रासेत रामकृष्ण मठाची स्थापना केली आणि तो मठ पुढे मैलापुरातच स्थिरावला. १९०६ साली व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी संस्कृत महाविद्यालय उघडले. तंजावरच्या मराठी घराण्यांचाही या भागाशी जुना संबंध आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी आपले उत्तरायुष्य येथेच घालविले, आणि १८९१ साली येथेच देह ठेवला.

अशा वस्तीत वाढलेल्या मुलाने अथवा मुलीने अर्थव्यवहाराचे शिक्षण घ्यावे, हे स्वाभाविकच होय. कोणी वाणिज्य शाखेची पदवी घेताना सुटीत एखाद्या मोठ्या बँकेत वा गुंतवणूक संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश मिळावा यासाठी झटतो. कोणी चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहतो. त्याला इंटरमिजिएट परीक्षेनंतर एखाद्या अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. जागा सर्वत्र असतात, पण नामांकित पेढ्यांतील जागा थोड्या आणि इच्छुक फार. आधी गुणपत्रिकांवरून चाळणी, मग संगणकावरील चाचणी, मग गटचर्चा, मग एकामागून एक मुलाखती. आणि शेवटी बहुतेकांच्या वाट्याला दोन ओळींचा नकार येतो. पुष्कळदा तेवढाही येत नाही. नुसते मौन येते. नकाराला कारण दिलेले नसते, म्हणून ज्याला तो मिळतो तो कारण आपल्याच ठिकाणी शोधू लागतो.

मराठीत 'उमेदवार' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याच्या ठिकाणी उमेद आहे तो उमेदवार. जागा मिळाली म्हणजे तो उमेदवार होतो असे नव्हे; उमेद आहे म्हणून तो उमेदवार असतो. नकार जागा नाकारू शकतो. उमेद नाकारण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. तो अधिकार माणूस स्वतःच त्याच्या हाती देतो. हे कसे घडते, ते पाहिले पाहिजे.

नकार येताच मन तीन निष्कर्ष काढते. पहिला : 'मी अपात्र आहे.' दुसरा : 'माझे सर्व श्रम वाया गेले.' तिसरा : 'आता लोकांना तोंड कसे दाखवू?' या तिन्ही निष्कर्षांचा गीतेच्या प्रकाशात क्रमाने विचार करू या.

पहिला निष्कर्ष : 'मी अपात्र आहे'

अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणतेही कर्म घडून येण्याची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. श्रीशंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ केला आहे. श्रीरामानुजाचार्यांनी दैव या पदाने अंतर्यामी परमात्माच घेतला आहे. भाष्यकारांत भेद असला तरी तात्पर्य एकच : ज्याला 'मी' म्हणतो तो कर्ता हा पाचांपैकी एक आहे, पाचही नव्हे. आणि लगेच भगवंत म्हणतात की, असे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही. तो पाहत असूनही यथार्थ पाहत नाही.

या वचनाचा उपयोग आपण सहसा यशस्वी माणसाचा गर्व उतरविण्यासाठी करतो. परंतु अपयशी माणसाच्या शोकालाही ते तितकेच लागू पडते, हे ध्यानात येत नाही. 'मी जिंकलो' म्हणणारा आणि 'मी संपलो' म्हणणारा हे दोघे एकाच भ्रांतीची दोन मुखे होत. दोघांनीही उरलेली चार कारणे पुसून टाकून सर्व भार एकट्या 'मी'वर टाकला आहे. एकाचा अहंकार फुगला, दुसऱ्याचा दुखावला. अहंकार मात्र दोन्हीकडे तोच.

मुलाखतीचाच दृष्टांत घ्यावा. त्या दिवशी शरीर कसे होते, रात्री झोप झाली होती काय, हे अधिष्ठान. विषयाची तयारी, वाणी, आकडेमोडीचा सराव ही करणे. किती ठिकाणी अर्ज केले, किती वेळा सराव केला, कोणाचा सल्ला घेतला, या चेष्टा. आणि त्या वर्षी बाजार तेजीत होता की मंदीत, पेढीने जागा दहा काढल्या की चार, आधीच्या उमेदवाराने परीक्षकाचे मन किती व्यापले होते, हे सर्व उमेदवाराच्या दृष्टीने दैवाच्या रकान्यात पडते. समजा, दहा जागांसाठी पाचशे अर्ज आले आणि ते पाचशेही जण सर्वथा योग्य आहेत. तरीही चारशे नव्वद जणांना नकार मिळणारच. त्या चारशे नव्वदांच्या अपात्रतेविषयी हे गणित काहीही सांगत नाही; ते फक्त जागा दहा होत्या एवढेच सांगते.

परंतु येथे सावधपणा हवा. पाच कारणांचा सिद्धांत ही पळवाट नव्हे. दैव पाचवे आहे. पहिली चार कारणे पुष्कळ अंशी माणसाच्या प्रयत्नकक्षेत येतात. म्हणून शहाण्या उमेदवाराने नकारानंतर आपल्या प्रयत्नाची हिशेबनिसाने करावी तशी तपासणी करावी : कोणत्या रकान्यात तूट आहे? झोपेत, तयारीत, वाणीत, की अर्जांच्या संख्येत? जेथे तूट आढळेल तेथे भर घालावी. जेथे आढळणार नाही तेथे ती कल्पनेने लिहू नये. जो हिशेबनीस नसलेली तूट वहीत मांडतो, तोही खोटाच हिशेब लिहितो.

दुसरा निष्कर्ष : 'माझे सर्व श्रम वाया गेले'

दुसऱ्या अध्यायात कर्मयोगाची प्रस्तावना करतानाच भगवंतांनी आश्वासन दिले आहे की, या मार्गात आरंभिलेल्याचा नाश नाही. शेतीत बी पेरून पाऊस न पडला तर बीही जाते आणि श्रमही जातात. समत्वबुद्धीने केलेल्या कर्माची गोष्ट तशी नाही. कारण त्या कर्माची फळे दोन असतात. एक बाहेर पिकते आणि दुसरे कर्त्याच्या आत. बाहेरचे फळ दुसऱ्याच्या हाती असते. आतले फळ कोणी हिरावून घेऊ शकत नाही. ताळेबंद वाचण्याची जी दृष्टी अभ्यासाने आली, ती नकाराच्या पत्राने जात नाही.

याचे उदाहरण मैलापुराशेजारच्याच ट्रिप्लिकेनमध्ये राहिलेल्या एका तरुणाच्या चरित्रात सापडते. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ सालचा. गणितातील असामान्य बुद्धीमुळे त्यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली; पण इतर विषयांकडे लक्ष न दिल्यामुळे ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात प्रवेश घेऊन ते एफ. ए. च्या परीक्षेस बसले, आणि एकदा नव्हे तर पुन्हा अनुत्तीर्ण झाले. पदवी नाही, नोकरी नाही, १९०९ साली विवाह झालेला. काही काळ नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्रराव यांनी दरमहा साहाय्य दिले. १९१२ च्या आरंभी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत वीस रुपयांची तात्पुरती नोकरी मिळाली. ती काही आठवड्यांतच संपली. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे हिशेबखात्यातील कारकुनीसाठी अर्ज केला, आणि १ मार्चपासून तीस रुपये वेतनावर ते तेथे रुजू झाले. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी या कारकुनाची योग्यता ओळखली. इंग्लंडातील विद्वानांना त्यांनी पत्रे लिहिली. बेकर आणि हॉब्सन या दोन प्राध्यापकांकडून काहीही निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी हार्डी यांना पत्र लिहिले, आणि तेथून पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

ही कथा सांगून लोक सामान्यतः असे तात्पर्य काढतात की, प्रत्येक नकाराच्या पोटी मोठे यश दडलेले असते. हे तात्पर्य गोड आहे, पण खरे नाही. आणि गीतेने ते कोठेही सांगितलेले नाही. त्याच काळात मद्रासेत एफ. ए. ला अनुत्तीर्ण झालेले इतर कितीतरी तरुण असतील. त्या सर्वांना हार्डी भेटले नाहीत. दुःखी मुलाला 'यापेक्षा चांगलेच मिळणार आहे' असे वचन देणे म्हणजे त्याच्या मनाला पुन्हा फळाच्याच खुंटीला बांधणे होय. उद्या तेही फळ आले नाही, तर त्याचा विश्वास दुप्पट मोडेल.

रामानुजनांच्या चरित्रातून घ्यावयाचे ते निराळेच आहे. दोन परीक्षांतील अपयश आणि पोर्ट ट्रस्टमधील तीस रुपये यांच्या दरम्यान त्यांची वही कोरी राहिली नाही. परीक्षक नव्हता, बक्षीस नव्हते, वाचक नव्हता. तरी लेखन चालू होते. हार्डींना लिहिलेल्या पत्रात जी प्रमेये होती, ती पत्र लिहिताना सुचलेली नव्हती. ती त्या नाकारलेल्या वर्षांची कमाई होती. हार्डींचे उत्तर आले नसते तरी ती प्रमेये खरीच राहिली असती. निष्फळ ठरलेला प्रयत्न जातो कोठे, याचे एक उत्तर येथे मिळते : तो कर्त्याच्या ठिकाणी साठतो.

दुसरे उदाहरण पूर्वोक्त माधवरावांचे. तरुणपणी तेही १८४८ च्या सुमारास मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत होते. त्रावणकोरची विस्कटलेली आर्थिक घडी बसवून त्यांनी कीर्ती मिळविली; परंतु पुढे महाराजांशी मतभेद होऊन १८७२ साली त्यांना ते दिवाणपद सोडावे लागले. तेथे त्यांचे कर्तृत्व संपले नाही. पुढच्याच वर्षी इंदूरने आणि १८७५ साली बडोद्याने त्यांना बोलाविले. पद गेले, जमाखर्च सुधारण्याची विद्या बरोबर आली.

तिसरा निष्कर्ष : 'लोकांना तोंड कसे दाखवू?'

चौदाव्या अध्यायात गुणातीताच्या लक्षणांत मान आणि अपमान यांविषयीची समता सांगितली आहे. वीस वर्षांच्या मुलापासून गुणातीताची अपेक्षा करणे अवास्तव होईल. परंतु त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून तिचा थोडा अंश तरी मागता येईल. कारण खरे पाहता कित्येक घरांत नकार मुलाला मिळतो आणि अपमान पित्याचा होतो. 'अमक्याच्या मुलाची निवड झाली, तुझी का नाही?' हा प्रश्न विचारणारा पिता मुलाच्या हिताची चौकशी करीत नसतो. आपल्या दुखावलेल्या प्रतिष्ठेची फिर्याद मांडीत असतो. पुष्करिणीच्या काठी संध्याकाळी भेटणाऱ्या मंडळींना काय सांगावयाचे, ही त्याची चिंता असते. मुलाने स्वतःचा शोक वाहावा की पित्याचाही?

येथे सहाव्या अध्यायातील एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फाटलेल्या मेघाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना भगवंतांनी अर्जुनाला 'तात' असे संबोधिले आहे. पार्थ, कौंतेय, भारत ही संबोधने गीतेत वारंवार येतात. परंतु हे वात्सल्याचे संबोधन नेमके येथेच आले आहे. आचार्य सांगतात की, पुत्राच्या रूपाने स्वतःचा विस्तार करणारा तो तात, आणि शिष्यही पुत्रच म्हणून त्यालाही तात म्हणतात. असिद्धीच्या भयाने व्याकूळ झालेल्याला भगवंतांनी प्रथम आपलेसे केले, आणि मग सिद्धांत सांगितला की, कल्याणकर्म करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. घरातील वडिलांनी हाच क्रम पाळावा. आधी जवळ घ्यावे, मग सांगावे. ज्या दिवशी नकार आला त्या दिवशी उपदेश नको. त्या दिवशी वेळेवर जेवण पुरे.

ज्याला 'नाही' ऐकता येत नाही

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळले पाहिजे. नकार सहन करणे हा केवळ मनःशांतीचा प्रश्न नाही. अर्थव्यवहाराच्या क्षेत्रात तो सत्याचा प्रश्न आहे.

मद्रासेत अर्बथनॉट आणि कंपनी ही पेढी एके काळी अत्यंत प्रतिष्ठित मानली जात असे. गृहस्थांनी, निवृत्तांनी, विधवांनी विश्वासाने तेथे पैसा ठेवला होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये ती कोसळली, आणि असंख्य घरे उघडी पडली. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना न्यायालयाने अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. बुडालेल्या धनकोंची बाजू ज्यांनी मांडली, ते मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर. त्यांच्याच पुढाकाराने स्वदेशी भांडवलाची इंडियन बँक उभी राहिली, आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी तिचा व्यवहार सुरू झाला. पेढीचे नाव मोठे असले म्हणजे तिचा पाया पक्का असतोच असे नाही, हे मैलापुराने तेव्हा अनुभवाने जाणले. पुढे २००८ साली अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही दीडशेहून अधिक वर्षांची संस्था कोसळली, तेव्हा तिच्या दारी निवड झालेले तरुणही रस्त्यावर आले. ज्या दाराने आपल्याला नाकारले ते दार म्हणजे ब्रह्मदेवाचा लेख नव्हे.

परंतु यातून याहूनही खोल गोष्ट निघते. लेखापालाचे कर्तव्य काय? वेळ येईल तेव्हा आपल्याला पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाच 'नाही' म्हणणे. 'हा आकडा खरा नाही, यावर सही होणार नाही' असे सांगणे. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या हिशेबातील शिलका खोट्या असल्याची स्वतःच कबुली दिली. तोवर ते हिशेब वर्षानुवर्षे तपासले जात होते. जो माणूस नकार ऐकण्यास भितो, तो नकार देण्यासही भितो. कारण दोन्ही भयांचे मूळ एकच : दुसऱ्याच्या पसंतीवर आपले अस्तित्व टेकलेले असणे. गिऱ्हाईक रुसेल, वरिष्ठ रागावेल, जागा जाईल, या भयाने तो सही करून मोकळा होतो. अर्जात गुण वाढवून लिहिण्याचा, न केलेले काम केले म्हणून दाखविण्याचा मोह नकाराच्या भयातूनच उपजतो. आणि ज्याने प्रवेशद्वारीच खोटा आकडा लिहिला, त्याच्या हाती लोकांच्या ठेवींचे खरे आकडे कसे सोपवावेत?

म्हणून तरुणपणी मिळालेला नकार, तो नीट पचविला तर, या व्यवसायाचा पहिला धडाच ठरतो. ज्याने एकदा अनुभवले की, 'नाही' ऐकूनही मनुष्य उरतो, जेवतो, अभ्यास करतो, देवाला नमस्कार करतो, तो पुढे चाळिसाव्या वर्षी एखाद्या बलाढ्य माणसासमोर शांतपणे 'नाही' म्हणू शकतो. समत्व ही संन्याशाची चैन नव्हे. ते प्रामाणिक गृहस्थाचे भांडवल आहे.

तीन कर्ते

अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार वर्णिले आहेत. तिन्ही प्रकार नकाराच्या प्रसंगी स्पष्ट ओळखू येतात. राजस कर्ता फळासाठी हपापलेला असतो. निवड झाली तर आनंदाने नाचतो, न झाली तर कोलमडतो, आणि ज्याची निवड झाली त्याचा हेवा करतो. तामस कर्ता विषादी आणि दीर्घसूत्री असतो. 'सर्व वशिल्याचा खेळ आहे' म्हणून तो पुढचा अर्ज उद्यावर ढकलतो, आणि तो उद्या कधी उगवत नाही. सात्त्विक कर्ता आसक्तीपासून मोकळा असतो, 'मी मी' म्हणत नाही, धैर्याने आणि उत्साहाने युक्त असतो, आणि सिद्धी-असिद्धीत विकार पावत नाही.

या शेवटच्या लक्षणात उत्साह आणि निर्विकारता ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत, हे विसरू नये. पुष्कळांची समजूत अशी की, समत्व म्हणजे उदासपणा, 'मिळाले तर मिळाले, नाही तर नाही' असा थंडपणा. तो सत्त्वगुण नव्हे. तो सत्त्वाचे वस्त्र पांघरलेला तमोगुण होय. सात्त्विक मनुष्य अर्ज मनापासून लिहितो, मुलाखतीची तयारी कसून करतो, आणि पत्र आल्यावर, ते कसेही असो, पुन्हा मनापासून कामाला लागतो. फळाची पकड सुटल्याने त्याचे हात कामासाठी मोकळे झालेले असतात.

आचरण

नुसत्या सिद्धांताने गृहस्थाचे काम भागत नाही. म्हणून काही गोष्टी आचरणात आणाव्यात.

पहिली : नकार आला की घरात सरळ सांगावा. लपविलेला नकार व्याजासारखा वाढतो. ज्या घरात मुलाला तो सांगण्याचे भय वाटते, त्या घराने आपले वर्तन तपासावे.

दुसरी : त्या दिवसाचे नित्यकर्म मोडू नये. स्नान, संध्या, नाममंत्र, भोजन, निद्रा, जे नित्य आहे ते चालू ठेवावे. नित्याचा खांब उभा असला की नैमित्तिकाचे वादळ घर पाडीत नाही.

तिसरी : दोन दिवसांनी शांत मनाने पाच कारणांची तपासणी कागदावर करावी, आणि एकच सुधारणा हाती घ्यावी. शक्य असेल तेथे मुलाखत घेणाऱ्यास नम्रपणे उणीव विचारावी.

चौथी : एकाच मोठ्या नावावर सर्व आशा टांगू नये. लहान पेढीत, सहकारी बँकेत, एकट्या लेखापालाच्या कचेरीतही उमेदवारी होते. आणि जेथे काम थोड्या माणसांत वाटले जाते, तेथे नवशिक्याला पुष्कळदा अधिक शिकावयास मिळते.

पाचवी : पुनःपुन्हा प्रयत्न करूनही दार उघडले नाही, तर दिशा बदलण्यात अपमान मानू नये. तिसऱ्या अध्यायातील स्वधर्माचे वचन येथे उपयोगी पडते. दुसऱ्याचा मार्ग अधिक झगझगीत दिसतो म्हणून धरलेला असेल, तर तो सुटणे ही हानी नव्हे. मात्र हा निर्णय शोकाच्या दिवशी घेऊ नये.

सहावी आणि अत्यंत आवश्यक : मुलगा अथवा मुलगी बोलेनासे झाले, अन्न आणि झोप उडाली, जगण्याविषयीच वैराग्याचे शब्द तोंडी येऊ लागले, तर त्यास वैराग्य समजू नये आणि उपदेशाने वेळ घालवू नये. त्यास एकटे सोडू नये, विनाविलंब वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. शरीर हेच अधिष्ठान. ते राखणे हा पहिला धर्म.

मयूरीची उपासना

मैलापूर हे नाव ज्या कथेवरून आले असे मानतात, ती या विषयाचा सारांशच सांगते. भगवान शंकर पार्वतीला ज्ञानोपदेश करीत असता तिचे चित्त एका मोराच्या नृत्याकडे वेधले गेले, आणि त्या प्रमादामुळे तिला मयूरीचा देह प्राप्त झाला. देवीने त्या स्थितीविरुद्ध तक्रार मांडली नाही. 'माझे मूळ रूप मला परत मिळू दे, मग उपासना करीन' असेही म्हटले नाही. पुन्नाग वृक्षाखाली तिने त्याच देहाने, चोचीने फुले वेचून, शिवलिंगाची पूजा आरंभिली. मंदिराच्या आवारात त्या वृक्षाखाली आजही मयूरीरूपातील देवीचे स्थान दाखवितात.

तीच देवी पुढे तेथे कर्पगांबाळ, म्हणजे इच्छा पुरविणारी कल्पवल्ली, या नावाने पूजिली जाते. परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या दिवशी कितीतरी तरुण तिच्यापुढे हात जोडून फळ मागतात. मागण्यात दोष नाही. आईपाशी कोणीही मागतो. परंतु जी सर्वांना देते, तिने स्वतः त्या ठिकाणी आधी काय केले, हेही त्यांनी आठवावे. जो देह मिळाला, जी जागा मिळाली, तेथूनच तिने पूजा चालू ठेवली.

ज्याची निवड झाली त्याने कृतज्ञतेने कामाला लागावे. ज्याची झाली नाही त्यानेही आपल्या वहीचे पुढचे पान उघडावे. भगवंतांनी आश्वासन दिले आहे ते कल्याणकर्म करणाऱ्याला. निवड झालेल्याला नव्हे.